भिंतीकडे तोंड केलेली गाडी

दादा, तुझं जलदान झालं त्याच दुपारी मी घरात भांडण काढलं. पाहुणे अजून ओट्यावर होते, तुझ्या फोटोसमोरची मेणबत्ती विझली नव्हती. मी वहिनीला म्हटलं, आता तरी मागच्या खोलीची भिंत पाडायची. वहिनीने पदराने डोळे पुसले. "पाडू," ती म्हणाली, "पन हे आसते तर नको म्हनले आसते." मी म्हटलं, तो नाही म्हणूनच पाडायची. तो असताना आपलं कुणी ऐकलंय का?

तुला नवल वाटलं नसतं. "सुजे, दम खा," म्हणाला असतास. जलदानाच्या सभेत लोक तुझ्याबद्दल बरंच बोलले. कोणी तुझं टँकर चालवणं सांगितलं, कोणी तुझं वागणं. एक जण म्हणाला, मिलिंदराव समाधानी माणूस होते. मी मागे बायकांत बसले होते, तिथेच दातओठ खाल्ले. समाधानी! आणि एवढ्या बोलणाऱ्यांत एकानेही गाडीचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर सगळ्यांना हसू आलं असतं, आणि अशा दिवशी हसायचं नसतं. आत गाडी ठेवून भिंत बांधणारं घर म्हणून अख्खा तालुका आपल्याला ओळखतो.

ती गाडी आली तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मस्कतला तू ज्या गॅरेजात होतास तिथला इटालियन साहेब मायदेशी परतताना ती तुला देऊन गेला, कारण तिची देखभाल तूच करायचास. मुंबईच्या बंदरातून सोडवून घेताना तुझ्या चपला झिजल्या. मग ती चालवतच तू गावी आलास. गाडीवाटेवर धुळीचा लोट उठला तेव्हा आईला वाटलं वावटळच आली. लाल रंगाची मोटरसायकल, अंगावर रुपेरी पट्टा, आणि हँडल इतकं खाली की चालवणारा टाकीवर पालथा निजल्यासारखा. आई तिच्याभोवती एक फेरी मारून आली आणि तिने विचारलं, "आरं, ह्याच्यावर दुसरं मानूस कुटं बसायचं?" सीट एकट्याचीच होती, मागे नुसता उंचवटा. तू म्हणालास, "शर्यतीची हाय ही, आई. शर्यतीत मानूस येकटाच आसतो."

बाबा लांबूनच बघत होते. बांधकाम खात्यात मैलमजूर म्हणून त्यांचं आयुष्य रस्त्यावरचे खड्डे बुजवण्यात गेलेलं. शेवटी जवळ आले, टायरला हात लावला आणि म्हणाले, "किती पळती?" तू आकडा सांगितलास. बाबांनी थोडा विचार केला. "मंग रस्ता कुटला?"

तिला नंबर कधी मिळालाच नाही. तू अर्ज केलास, तोवर लातूर जिल्हा झाला. जुन्या जिल्ह्यात म्हणाले, तुम्ही आता आमचे नाही, नव्याकडे जा. नव्याकडे अजून टेबल-खुर्च्या यायच्या होत्या. बिननंबराची गाडी चालवू नये हे तुलाही कळत होतं, तरी एकदा तू मला तिच्यावरून नांदेडच्या वसतिगृहात सोडायला निघालास. आईने मागच्या उंचवट्यावर वाकळेची घडी करून बांधली. अहमदपूर मागे पडलं, लोहा आलं कधी आणि गेलं कधी ते कळलंच नाही. विष्णुपुरीला गोदावरीवर धरणाचं काम चाललं होतं, तिथे आपण चहाला थांबलो. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. नदीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त, आणि लोक त्या वाळूवर भिंत उभी करत होते.

तिथे तू मला गाडीची खुबी सांगितलीस. दोन्ही तळहात एकमेकांवर उघडत-मिटत म्हणालास, "बाकीच्या गाड्यांत इंजिनाची झडप यंत्र उघडतं, मिटते मातर स्प्रिंगनं. हिच्यात स्प्रिंगच न्हाई. उघडायला येक हात, मिटायला बी येक हात. दोनी कामं सोता करती, कुनावर सोडत न्हाई." मला ओ की ठो कळलं नाही. धुळीने माझ्या केसांचा झाडू झाला होता आणि मैत्रिणी काय म्हणतील याची मला काळजी लागली होती. मग तू कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "नंबर मिळाला की जानार मी. पुन्याला, तिथनं परत भायेर. हितं जीव कोंडून राहिला, सुजे." हे मात्र मला कळलं. तू जायला हवास असं त्या दिवशी माझ्या मनाने घेतलं आणि ते कालपर्यंत सोडलं नाही.

गावातून बाहेर पडायची सरळ वाट मालकांच्या गढीसमोरच्या चौकातून जायची. बाबांनी तुला शपथ घातली होती, चौकातून जायचं नाही, शेतातल्या गाडीवाटेनेच जायचं. आपल्या लोकांच्या वस्त्या पेटलेल्या त्यांनी आसपासच्या गावांत पाहिल्या होत्या, त्याला काही फार वर्षं झाली नव्हती. पण आवाज काय, गाडीवाटेवरूनही गढीवर ऐकू जायचा. त्या उन्हाळ्यात धाकट्या मालकाचं लग्न ठरलं, आणि वरात तुझ्या गाडीवरून काढायची असं त्याने ठरवून टाकलं. विचारलं नाही. गाडी धुऊन तयार ठेवा, असा निरोप धाडला. हे तू मला वसतिगृहात भेटायला आलास तेव्हा सांगितलंस. "देनार न्हाई," एवढंच म्हणालास. त्यानंतर कितीतरी दिवस माझा अभ्यासात जीव लागला नाही. दिली तर तू आतल्या आत मरशील आणि नाही दिली तर वस्तीचं काय होईल, हे कळण्याइतकी मी मोठी होते.

आणि सुट्टीत घरी आले तर मागच्या खोलीला भिंत.

ती खोली तोवर अर्धवट होती. तीन भिंती आणि वर माळवद झालेलं, शेताकडची बाजू उघडी. गाडी तिकडूनच आत-बाहेर व्हायची. आता तिकडे भिंत, तिच्यावर मातीचा गिलावा, आणि गाडी आत. घरातून त्या खोलीला दार होतं, पण चुलीमागून, वळणाची पायरी चढून. माणूसच तिथून तिरका होऊन जातो, एवढी लांब गाडी वळणार कशी? भिंत फोडावी तर वरचं मातीचं माळवद खाली येणार, असं बाबांचं म्हणणं.

आईने मला सांगितलं ते असं. तू लातूरला, नव्या कचेरीत ड्रायव्हरच्या जागेसाठी मुलाखतीला गेला होतास. लहूमामा, म्हणजे आईचा चुलतभाऊ, गवंडी माणूस, हाताला काम नाही म्हणून रिकामा होता. बाबांनी त्याच्याकडून भिंत घालून घेतली. आत गाडी आहे हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"ध्यानात न्हाई आलं म्हंजे?" मी किंचाळले.

"म्हैस न्हाई ती, वरडायला," बाबा म्हणाले.

मी आईला विचारलं, प्यायला पाणी नाही आणि भिंतीला कुठून आणलंत? "लागलं थोडंसं," म्हणाली आणि चूल फुंकायला लागली.

गढीवरचे लोक गाडी न्यायला आले तो तमाशा मी पाहिला नाही, पण इतक्यांदा ऐकला की पाहिल्यासारखाच आहे. बाबा हात जोडून उभे. धाकटे मालक चुलीमागून वाकून आत डोकावले, मग घराला वळसा घालून भिंतीपाशी आले, आणि भिंतीलाच टेकून हसत सुटले. "येडे का खुळे रे तुमी?" त्यांच्यासोबतचे लोक मांड्यांवर थापा मारत होते. वरात जीपवरून निघाली आणि वरातीतही हाच विषय होता म्हणतात. तिथून तो विनोद मुखेडच्या बाजारात गेला, अहमदपूरच्या मोंढ्यात गेला. अहमदपूरच्या स्टँडवर एकदा कंडक्टरने मला विचारलं, "भितवाल्याच्या घरची का गं तू?" मी भरल्या एसटीसमोर ओरडले, "हाव, तीच! येडे हायेत माज्या घरचे. तुमचं काय जातंय?" एसटी आणखीच हसली. मी खाली उतरून पायी घर गाठलं.

बाबांवरचा माझा राग तेव्हापासूनचा. पोराला पंख फुटले आणि बापाने, भीतीने असो की वेंधळेपणाने, त्याला विटांत चिणला, असं मी मैत्रिणींना सांगायची. आणि तू! तू तर त्यांना एका शब्दाने बोलला नाहीस. परत आलास, भिंत पाहिलीस आणि जेवायला बसलास, असं आई सांगायची. मी त्या खोलीच्या दारात उभी राहिले की मला गाडीचं शेपूट दिसायचं. तोंड त्या नव्या भिंतीकडे. वर्गात दंगा करणाऱ्या पोराला उभं करतात तशी. मास्तरीण झाल्यावर मी ती शिक्षा कधी कुणाला केली नाही.

नोकरी तुला लागलीच. नव्या जिल्ह्याची कचेरी आणि जुनाच दुष्काळ, त्यामुळे तुझ्या हातात पहिल्यांदा आला तो पाण्याचा टँकर. वाऱ्याशी शर्यत लावणारा माणूस खडखडत, पाणी सांडू नये म्हणून बैलाच्या चालीने जायचा. एकदा मी अहमदपूरहून तुझ्यासोबत केबिनमध्ये बसून आले आणि सबंध वाट भांडले. नोकरी सोड, भिंत पाड, जा. तू गिअर बदललास. म्हणालास, "मी गेलो तर वस्तीच्या आडात पानी कोन टाकील? आधीचा डायवर समदा टँकर गढीच्या हिरीत वतून जायचा." गावात शिरल्यावर तू टँकर चौकातून नेलास, गढीच्या पुढून, हॉर्न दाबत, आणि आधी आपल्या आडाशी लावलास. बायका घागरी घेऊन धावल्या. आई त्यांत सगळ्यांच्या पुढे, जणू काही पाणी तिनेच पाडलंय. चौकातून न जायची शपथ तू मोडलीस असं मी बाबांना चिडवलं, तर ते म्हणाले, "ती गाडीची शपथ हुती. टँकरची न्हाई."

तेव्हा मी हसले, पण माझा हट्ट सुटला नाही. माझं शिक्षण तुझ्या पगारावर झालं, माझं लग्न तू लावून दिलंस, आईचं दुखणं तू काढलंस. दर वेळी मला वाटायचं, त्या भिंतीवर आम्ही आणखी एकेक थर चढवतोय. उपकार घेताना चीड येते हे तुला कधी सांगता आलं नाही, दादा. आज सांगते. मी तुझ्यावर चिडायची ती तू गेला नाहीस म्हणून, आणि गेला असतास तर माझं काय झालं असतं तेही मला ठाऊक होतं.

मग बाबा गेले. गढीवरचे लोक लातूरला बंगले बांधून गेले, गढीला कुलूप लागलं. मी म्हटलं, आता?

"माळवद बसंल," तू म्हणालास.

"अरे, माळवद काढून पत्रे टाकलेस की तूच!"

"मंग पत्रे बसतील."

ही आपली शेवटची मोठी लढाई. त्यानंतर मी विषय काढला की तू रेडिओ मोठा करायचास.

तू गेल्यावर वहिनीने मला एक गोष्ट सांगितली. तिला वाटत होतं मला माहीत असेल. दर रविवारी तू त्या खोलीत जाऊन गाडी पुसायचास, तेल द्यायचास, हवा मारायचास, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण मागचा उंचवटा काढून तू तिथे रेक्झिनची सीट बसवली होतीस, आणि रविवारी वहिनीला मागे बसवून तू पुढे बसायचास. इंजिन बंद. "आता अहमदपूर गेलं," तू सांगायचास. "आता लोहा. पदर सावर. आता बघ, विष्णुपुरी, पानी बघ कसलं." वहिनी सांगताना लाजली, या वयातही. म्हणाली, "मी डोळे मिटून इचारायची, आता कुटलं गाव आलं? हे सांगायचे. येकदा हैदराबादपस्तोर नेलं मला." मी उठून परसात गेले. तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

काल सकाळी भिंत पाडायला दोन माणसं बोलावली. लहूमामाला वहिनीने शेताच्या बाजूला खुर्ची टाकून दिली, पत्रे कुठून धरून ठेवायचे ते सांगायला. मामा आता काठीशिवाय उठत नाही. माणसाने पहार उचलली तशी मामाने काठी आपटली.

"पहार ठिव. गिलावा खरवड निस्ता."

गिलावा पापुद्र्यासारखा निघाला. आत वर एक लाकडी पाटी आडवी बसवलेली, तिच्या दोन्ही टोकांखाली सरळ कडा. पाटीखालच्या विटांत ना माती, ना चुना. नुसत्या एकीवर एक रचलेल्या. दुष्काळात भिंतीला पाणी कुठून आणलं, हे मी तेव्हाच विचारलं होतं. पुढे जन्मभर गणित शिकवलं आणि हे एक गणित मांडून बघितलं नाही.

"दार हाय ते," मामा म्हणाला. "मिलिंदानं इटा हाती दिल्या, म्या रचल्या. गाडीची रुंदी त्यानं सोता वितीनं मापली. लातूरला कुटला जातोय? मुलाखत आदीच झाली हुती. हितंच हुता त्यो, तुज्या बापासंगं."

मी वहिनीकडे पाहिलं. तिलाही नवं होतं.

"गाडी दिली आसती तर पोरगं जगलं नसतं," मामा म्हणाला. "न्हाई म्हनलं आसतं तर वस्ती ऱ्हायली नसती. तुजा बाप दोन दीस जेवला न्हाई. मंग मिलिंदाच म्हनला, मामा, आपून येडे होऊ."

दादा, आपून येडे होऊ! हे तू म्हणालास, आणि सबंध जन्म तो वेडेपणा निभावलास. बाबांनीही. मी त्यांना काय काय बोलले, आणि ते नुसते भाकर मोडत राहिले.

"मला का नाही सांगितलं?" मी मामावर ओरडले. दुसरं कुणी उरलंच नव्हतं ओरडायला.

मामा हसला. "तुला सांगितलं आसतं तर तू यष्टीत भांडली आसतीस का? धाकट्या मालकाला शक हुता. म्हनायचा, येवढे खुळे आसतील का ह्ये? तू भरल्या यष्टीत वरडून आलीस त्ये गढीवर कळलं, आन् त्यो निवांत झाला. तुजा बाप म्हनला, पोरीनं वाचिवलं."

म्हणजे तुम्हा दोघांच्या नाटकात माझंही काम होतं आणि मलाच पत्ता नव्हता. मी माफी मागणार नाही, दादा. तुमच्यापैकी कुणाचीच नाही. उलट तुम्हीच माझी मागायला हवी, आणि दोघंही पळालात.

"वरात झाल्यावर काडायचं ठरलं हुतं," मामा म्हणाला. "पन काडली आसती तर खोटं उघडं पडलं आसतं. हितंच ऱ्हायाचं हुतं तुमाला."

"आणि बाबा गेल्यावर? गढीला कुलूप लागल्यावर?"

मामाने काठीने जमीन उकरली. "त्ये मला काय ठावं."

वहिनी हळूच म्हणाली, "हे म्हनायचे, आपल्याकडं दार हाय, जायाचं तवा जाऊ. मला वाटायचं, मनाचं समादान करून राहिलेत."

माणसं बाजूला झाली. विटा मीच काढल्या, वरून एकेक, आणि वहिनीने त्या हातात घेऊन बांधावर रचल्या. ऊन आत गेलं. समोर शेपूट नव्हतं. गोल दिवा होता, धूळसुद्धा नसलेला, थेट माझ्याकडे बघणारा, आणि त्याच्यामागे ती लाल टाकी. इतकी वर्षं घरातल्या दारात उभी राहून मी तुला विचारत आले की तिला भिंतीकडे तोंड करून का उभं केलंस. तू तिला दाराकडे तोंड करून उभं केलं होतंस.

आम्ही दोघींनी ती बाहेर काढली. टायरमध्ये हवा होती, जाण्याआधीच्या रविवारी तू भरलेली. गाडीवाटेवर ती आपसूक दोन पावलं पुढे गेली आणि मी घाबरून हँडल घट्ट धरलं. तोवर वहिनी सवयीने मागच्या सीटवर चढून बसली होती. पुढची जागा तिने मोकळी ठेवली, पदर सावरला, डोळे मिटले.

"आता कुटलं गाव आलं?" तिने विचारलं.

मी इकडेतिकडे पाहिलं. मागे घर, शेजारी बांध, पलीकडे गढीचा कुलूपबंद दरवाजा.

"आपलंच," मी म्हटलं. "वहिनी, अजून आपलंच आहे."